काशीत चाखावे, काशीत सोडावे

पौष महिन्यात काशीस पहाट उशिरा होते. सहा वाजून गेले तरी गंगेवरील धुके हटत नाही आणि पलीकडचा वाळूचा तीर दिसत नाही. नुसता वल्ह्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. मणिकर्णिका ओलांडून उत्तरेस चालू लागले म्हणजे प्रथम शिंदे घाट लागतो आणि त्याच्या अंगालाच संकठा घाट. यात्रेकरूंची मोठी गर्दी मागेच राहिलेली असते. येथे पायऱ्या उभ्या आहेत. त्या चढून वर गेले की अरुंद गल्लीत संकठादेवीचे मंदिर लागते. संकट निवारणारी ती संकठा, असा नावाचा सरळ अर्थ लोक सांगतात. शुक्रवारी नारळ व चुनरी घेऊन आलेल्या स्त्रियांची तेथे रीघ लागते. इतर दिवशी घाटावर चार स्नान करणारे, दोन नावाडी आणि ऊन केव्हा पडते याची वाट पाहणारी कुत्री, इतकीच वस्ती.

मराठी प्रवाशाला या बाजूस परकेपणा वाटण्याचे कारण नाही. शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. उत्तरेस थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, आणि त्यापुढील पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा तर पूर्वापार मराठी घराण्यांच्या वस्तीचा भाग. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे काशीचेच. परंतु घाटांचा इतिहास सांगावा म्हणून हा लेख लिहीत नाही. संकठाजीच्या गल्लीपासून चौखंबा आणि ठठेरी बाजारापर्यंतच्या थोड्याशा टापूत चव घेण्याची जी एक विद्या नांदते आहे, तिची ओळख वाचकांस करून द्यावी एवढाच हेतू आहे.

चव घेण्याची विद्या म्हटले की अलीकडे सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे वाइनचा पेला उभा राहतो. त्यात नवल नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत वाइनचा धंदा चांगलाच रुजला. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, आणि २००५ साली गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखविण्याचे स्वतंत्र दालनच उघडले गेले. तेथे जे शिकवितात ते थोडक्यात असे: आधी पेल्यातील रंग पाहावा, मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा, लहानसा घोट घेऊन तो तोंडभर खेळवावा, आणि गिळल्यावर, किंवा थुंकून टाकल्यावर, मागे काय उरते तिकडे लक्ष द्यावे. होय, थुंकून टाकल्यावर! ज्यांचा तो व्यवसाय आहे ते परीक्षक एका बैठकीत वीस-तीस वाइन चाखतात आणि जवळजवळ प्रत्येक घोट भांड्यात टाकतात, कारण मद्य पोटात गेले की जीभ आणि बुद्धी दोन्ही मंदावतात. वाइन चाखणे आणि वाइन पिणे ही दोन वेगळी कामे आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आमच्या पानांतून कोणास मद्याची शिफारस करण्याचा विचार नाही. पण त्या परीक्षकांची शिस्त मात्र मोलाची आहे, आणि ती काशीच्या गल्ल्यांत मद्याचा थेंबही न शिवता रोज पाळली जाते.

या प्रवासात आमच्या सोबतीस मावशी होत्या. त्या नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याच्या. नाशिकला कित्येकजण दक्षिण काशी म्हणतात आणि तेथील लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा मावशींच्या दृष्टीने त्या एका गंगेवरून दुसऱ्या गंगेवर आल्या होत्या. घरी द्राक्षाचे मळे. वाइन त्यांनी जन्मात घेतलेली नाही, पण त्यांचा पुतण्या आपल्या बागेतील निम्मी द्राक्षे वायनरीला देतो. माल केव्हा उतरवायचा हे त्या घरात पूर्वी मावशींच्या जिभेवर ठरत असे. आता पुतण्याच्या खिशात साखर मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. द्राक्षाचा एक थेंब त्याच्या काचेवर टाकला की ब्रिक्सचा आकडा दिसतो, आणि मावशींना विचारण्याचे कोणास कारण पडत नाही. हे त्यांनी कधी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. सांगितले ते असे: “यंत्राला गोड कळतं. बाकीचं मला कळायचं.”

काशीतील पहिली पारख झाली ती मलइयोची. हा पदार्थ फक्त थंडीत मिळतो. दूध आटवून रात्रभर उघड्या आकाशाखाली ठेवतात आणि पहाटे ते घुसळून त्याचा फेस वर काढतात. केशर, वेलदोडा, पिस्ते घातलेला तो पिवळसर फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात. बनारसी माणूस सांगतो की त्यात दवाची करामत आहे. शास्त्र थंडीला अधिक मान देते: दुधातील स्निग्धांशाचे कण गारठ्याने अर्धवट घट्ट झाले म्हणजे घुसळताना ते हवेच्या बुडबुड्यांभोवती चिकटतात आणि फेस उभा राहतो. ऊन चढले की तो बसतो. म्हणूनच दुपारी मलइयो मागणाऱ्याला तेथे कोणी उत्तरही देत नाही. दिल्लीत याच कुळातील पदार्थाला दौलत की चाट म्हणतात, लखनौत मक्खन मलाई.

गल्लीच्या तोंडाशी परात घेऊन बसलेल्या मलइयोवाल्याने आमच्या हाती कुल्हड दिले. मावशींनी पहिला चमचा तोंडात घेतला, क्षणभर थांबल्या आणि आम्हांस म्हणाल्या, “काल रात्री गारठा कमी होता का रे?” आम्ही तो प्रश्न हिंदीत पुढे केला. मलइयोवाल्याने मावशींकडे जरा निरखून पाहिले. दोन रात्री वारा पूर्वेचा आहे, माताजींना कसे कळले, असे त्याने विचारले. मावशी म्हणाल्या, फेस जिभेवर टेकण्याआधीच विरघळतो आहे. एक क्षण तरी त्याने जिभेवर उभे राहायला हवे होते. त्या माणसाने काही न बोलता परातीच्या खालच्या, अधिक गार भागातून दुसरा चमचा काढून त्यांच्या कुल्हडात घातला.

मलइयो खाण्याचाही एक क्रम आहे. फेस संपत आला की विक्रेता त्याच कुल्हडात केशराचे गार दूध ओततो. फेसात बहुतेक हवाच असते. त्यामुळे जिभेला त्याचे वजन कळण्याआधी केशराचा वास घशामागून नाकात पोहोचतो. मागून येणारे दूध तोच वास पुन्हा देते, पण आता त्याला अंग असते. हा क्रम उलटा केला तर दोन्ही फुकट जातात. वाइनचे जाणकार सौम्य आधी, भारी मागून असा जो नियम सांगतात तो याहून वेगळा नाही.

येथे वासासंबंधी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. शाळेच्या पुस्तकांतून आपण जिभेचा एक नकाशा पाहिलेला असतो: टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो चुकीचा ठरला आहे. जिभेच्या सर्व भागांना सर्व मूळ चवी कळतात. पण या मूळ चवी मोजक्याच आहेत. गोड, आंबट, खारट, कडू, आणि जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली वेगळी ओळखलेली, मुरलेल्या रश्श्यासारखी पाचवी. बाकी जे जे आपण चव म्हणून सांगतो, ते सारे नाकाचे काम. ज्यांस हे खरे वाटत नसेल त्यांनी नाक चिमटीत धरून वेलदोड्याचा दाणा चावून पाहावा. जिभेवर थोडा तिखटपणा जाणवेल. वेलदोडा मात्र नाक सोडल्यावरच येईल. वाइनचा पेला फिरवून हुंगणारा मनुष्य आपल्याकडे थट्टेचा विषय होतो. पण आमटीला फोडणी बसली की नाही हे दुसऱ्या खोलीतून सांगणारी गृहिणी तेच करीत असते.

ठठेरी बाजाराकडे वळले की सकाळी कचौडी आणि जिलबीचे राज्य. कचौडी उडदाच्या डाळीचे वाटण भरून तुपात किंवा तेलात तळलेली, सोबत बटाटा व हरभऱ्याची कांदा-लसणाविना केलेली भाजी, आणि पानांच्या द्रोणात शेजारी गरम जिलबी. नवख्या माणसाला वाटते की भूक मोठी म्हणून दोन्ही एकदम घेतात. पण पेढा किंवा बर्फी का नाही, जिलबीच का, असा विचार केल्यास या जोडणीचे मर्म कळते. जिलबीचे पीठ आंबविलेले असते. पाकाच्या गोडीखाली एक पुसट आंबटपणा लपलेला असतो आणि तो कचौडीचा तुपकटपणा कापून काढतो. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. युरोपात तळलेल्या किंवा लोण्यातल्या माशाबरोबर आंबटसर पांढरी वाइन घेतात ती याच कारणासाठी. गंमत अशी की दोन्हीकडे काम करणारे सूक्ष्म जीव एकाच बिरादरीचे, पिठात काय आणि द्राक्षाच्या रसात काय.

अन्नाला अन्नाची जोड कशी द्यावी हे शिकण्यास मराठी माणसाने खरे तर फार दूर जाऊ नये. आपल्या ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात किंवा पोळी. जेवणाऱ्याने उजवीकडचा घास घेऊन डावीकडचे बोट लावावे आणि प्रत्येक घासाची जोडणी स्वतः करावी, अशी ही रचना आहे. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी असते. ज्या डाळीचे पुरण, त्याच डाळीचे वरचे पाणी. एका मातीत जे पिकते ते एका ताटात जमते, हा फ्रेंच शेतकऱ्यांचा वाइनविषयीचा अनुभव आपल्या स्वयंपाकघरात होळीच्या दिवशी सिद्ध होतो. वाइनला आपल्या जेवणाबरोबर बसविणे कठीण जाते ते यामुळेच. युरोपात पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून प्रत्येकाला त्याचा पेला शोधता येतो. आपल्या ताटात साऱ्या चवी एकदम हजर असतात. शिवाय तिखट आणि मद्य यांचे जमत नाही. मद्याने मिरचीचा दाह वाढतो. थोडीशी गोड, गार, कमी मद्याची वाइनच अशा वेळी निभावून नेते, असे नाशिककडचे जाणते सांगतात. काशीच्या टमाटर चाटीत तिखट-आंबटावर जिऱ्याचा पाक ओततात, त्यामागेही हीच युक्ती आहे.

क्रमाच्या बाबतीत मात्र आपले वैद्यक आणि युरोपीय रीत एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सुश्रुताने भोजनात प्रथम मधुर, मध्ये आम्ल व लवण, आणि शेवटी तिखट, कडू, तुरट असा क्रम सांगितला आहे. युरोपात गोड सर्वांत शेवटी येते. आम्हांस पूर्वी सुश्रुताचा क्रम केवळ ग्रंथातला वाटत असे. पण जेवणानंतर विडा घेतला की शेवटचे तीनही रस एकाच पानात मिळतात, हे काशीत ध्यानात आले.

विड्याकडे वळण्यापूर्वी ठंडाईचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती टाळली तर वाचक विचारतीलच. बदाम, खरबुजाच्या बिया, खसखस, बडीशेप, मिरे, वेलदोडा, गुलाबाच्या पाकळ्या हे सारे पाट्यावर गंधासारखे वाटून, फडक्यातून गाळून, दुधात कालवितात. २०२४ साली बनारसच्या ठंडाईला भौगोलिक मानांकन मिळाले. मिऱ्याची ऊब आणि बडीशेपेचा थंडावा एकाच घोटात, एकामागून एक येतात. त्यासाठी घोट लहान हवा. ठंडाईत भांग घालण्याची चाल जुनी आहे. गंगेपलीकडे जाऊन भांग घोटावी, स्नान करावे, बाटी-चोखा भाजावा, याला बनारसी लोक बहरी अलंग म्हणतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात भांगेची पाने बंदीच्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून तेथे परवान्याची दुकाने आहेत. परंतु प्रवाशांनी त्या वाटेस जाऊ नये हे आम्ही आग्रहाने सांगतो. पोटात गेलेल्या भांगेचा अंमल तास-दीड तासाने चढतो. तोवर काही झाले नाही असे समजून नवखा मनुष्य दुसरा पेला घेतो आणि मग रुग्णालय गाठतो. शिवाय चवीच्या दृष्टीनेही ती गवताळ कडवट वस्तू ठंडाईचे नुकसानच करते, असे आमचे मत आहे.

आता विडा. काशीच्या पानाचे खरे कसब पानवाल्याच्या हातात दिसत असले तरी त्याची सुरुवात फार आधी होते. काशीस पान फारसे पिकत नाही. उत्तम मगही पान बिहारमधून, गया, नवादा, औरंगाबाद या बाजूने येते. तेथील मगही पानाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि बनारसी पानाला २०२३ साली. हिरवे पान आणून ते टोपल्यांत रचून बंद खोलीत कोळशाच्या मंद उबेवर ठेवतात. मधूनमधून उलटतात, सडलेले काढून टाकतात, पुन्हा रचतात. काही दिवसांनी त्याचा हिरवा रंग जाऊन पिवळट-पांढरा रंग येतो. तिखटपणा मावळतो आणि पान इतके नाजूक होते की दातांची गरज उरत नाही. कात उकळून, गाळून, कापडात बांधून वजनाखाली दाबतात आणि त्याचे कडवट पाणी काढून टाकतात. कित्येकजण त्यात दूध घालतात. यामागचे शास्त्र पाहण्यासारखे आहे. कातातील तुरट द्रव्ये आणि तांबड्या वाइनमधील तुरट द्रव्ये एकाच जातीची. ती तोंडातील लाळेच्या प्रथिनांना धरतात आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटू लागते. त्यांना दुसरी प्रथिने मिळाली की ती लाळेला सोडून त्यांना धरतात. म्हणून तांबड्या वाइनबरोबर चीज, आणि म्हणून कातात दूध. काशीच्या पानवाल्याने रसायनशास्त्र शिकले नसेल. त्याच्या आजोबांनी जीभ वापरली.

“चबाइए मत, घुलने दीजिए,” असे त्या पानवाल्याने आम्हांस बजावले. बनारसी मनुष्य पान खात नाही, पान घुलवितो. गालात ठेवून त्याला आपोआप विरघळू द्यायचे. आम्ही सवयीने दोनदा चावलेच. मावशी मात्र डोळे मिटून उभ्या राहिल्या. पाच मिनिटे, सात मिनिटे. मग त्यांनी सांगितले: आधी चुना जाणवला, मग गुलाब, मग कात, आणि आता काही नाही, पण श्वास घेतला की थंड वाटते. वाइनविषयीच्या इंग्रजी लेखांतून ‘फिनिश’ असा एक शब्द येतो. घोट गेल्यानंतर तोंडात जे रेंगाळते ते. भाषांतर करताना या शब्दापाशी आम्ही अनेकदा अडलो होतो. ‘शेवट’ म्हणावे तर ते संपल्यासारखे वाटते. मावशींच्या तोंडून ते वर्णन ऐकल्यापासून आम्ही ‘मागची चव’ असे लिहू लागलो आहोत.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आम्ही घेतलेले विडे तंबाखूचे नव्हते आणि त्यांत सुपारीही नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निर्णयानुसार सुपारी ही स्वतःच कर्करोगास कारण होणारी वस्तू आहे. तंबाखूविषयी तर बोलायलाच नको. बिनसुपारीचे पान मागितले म्हणून काशीचा पानवाला क्षणभर नाराज होतो, पण देतो. आणि थुंकण्याच्या बाबतीत वाइनचे परीक्षक बनारसी रसिकांहून निःसंशय वरचढ आहेत: ते भांड्यात थुंकतात, भिंतीवर नाही.

इतके सारे चाखून झाल्यावर मावशींचे खरे काम राहिलेच होते. काशीस जाऊन आवडीची एक वस्तू सोडावी, ही चाल आपल्याकडे घरोघर माहीत आहे. कोणी फळ सोडतो, कोणी भाजी. जन्मभर मग ती तोंडात घालायची नाही. या व्रतातून पळवाटा काढण्यात मराठी माणूस तरबेज. कारले सोडून आलेले, दोडका सोडून आलेले, इतकेच काय, कधी न पाहिलेले एखादे फळ सोडून आलेले यात्रेकरू प्रत्येक गावात असतात. मावशींच्या घरच्यांनीही निघताना पडवळ सुचविले होते. मावशी त्यावर हसल्या होत्या, पण काही बोलल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी संकठा घाटावर स्नान करून त्या पायरीवर बसल्या. संकल्प सांगण्यास ब्रह्माघाटाकडील एक मराठी गुरुजी आले होते; त्यांच्या कित्येक पिढ्या काशीत गेल्या, बोलण्यात हिंदीचा हेल, पण मराठी स्वच्छ. “आई, काय सोडणार?” त्यांनी विचारले.

मावशी म्हणाल्या, “द्राक्षं.”

आम्ही चकित झालो. त्या घरात द्राक्ष म्हणजे नुसते फळ नव्हे. पण क्षणातच आमच्या ध्यानात आले की तीन दिवस त्या ज्या शांतपणे प्रत्येक वस्तू चाखीत होत्या, त्या वेळीच त्यांचा हा हिशेब चालला असावा. मलइयो किंवा कचौडी सोडून उपयोग नव्हता, ती त्यांची नव्हती. जे आपले आहे आणि ज्याची चव आपल्याला तळापर्यंत ठाऊक आहे, असे एकच फळ होते. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट जाणार होती. यंत्र आल्यापासून कोणी विचारीत नसले तरी माघ महिन्यात त्या अजून एकट्याच बागेत जात, ओळीतून चार मणी तोडीत आणि सालीसकट, बीसकट चावून पाहात. वाइनच्या द्राक्षात बी असते. बी हिरवी असेपर्यंत तिचा कडवट तुरटपणा वाइनमध्ये उतरतो. तपकिरी होऊन कडक चावली की तो निवळतो. हे साखरेच्या यंत्राला कळत नाही. द्राक्ष सोडले म्हणजे हेही सोडले.

गुरुजींनी पळीत पाणी घेतले होते. मावशींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. “गुरुजी, एक विचारू? चाखून थुंकून टाकलं, तर ते खाल्लं म्हणायचं का?”

गुरुजींना हसू आले; पण मावशी हसत नव्हत्या, हे पाहून ते थांबले. घाटावरचे लोक अशा वेळी शास्त्रवचन पाठ म्हणून दाखवितात. या गृहस्थांनी तसे केले नाही. काही वेळ नदीकडे पाहून ते म्हणाले, “आई, गोडीसाठी तोंडात घालणार असाल तर थुंकून उपयोग नाही. पारखायचं असेल तर ते तुमचं काम झालं. संकल्पात काय म्हणू ते तुम्हीच सांगा. भक्षण म्हणू, की आस्वाद म्हणू?”

मावशींनी लगेच उत्तर दिले नाही. दोन शब्दांतला फरक त्यांना आमच्याहून चांगला कळत होता. आस्वाद म्हटले तर सारेच गेले. भक्षण म्हटले तर जीभ राहिली, पण मग चार मण्यांनंतर पाचवा मणी गिळायचा नाही, घरच्या पाहुण्यांपुढे ठेवलेल्या ताटातला घड हातात घ्यायचा नाही, नातवंडांनी भरविला तरी तोंड फिरवायचे. आणि हे जन्मभर, दर हंगामात, गोडी जिभेवर आलेली असताना. आम्हांस तरी हीच वाट अधिक कठीण वाटली.

“भक्षण म्हणा,” त्या म्हणाल्या, आणि तळहातावर पाणी घेतले.

फाल्गुनाच्या सुरुवातीस पुतण्याचा फोन आला. यंत्रात बावीस ब्रिक्स दाखवीत होते आणि त्याने दुसऱ्या दिवशी मजूर सांगितले होते. संध्याकाळी मावशी बागेत गेल्या, तीन ओळींतले मणी चावून पाहिले, रस ओळीच्या कडेला थुंकला, तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली आणि म्हणाल्या, बी अजून हिरवी आहे, चार दिवस थांबा. वायनरीचा माणूस सकाळी आला, त्यानेही दोन मणी चावले, थुंकले आणि खिशातला कागद काढून त्यावरची तारीख बदलली.